पोटरीतलं दुसरं हृदय

चि. सोनू,

परवा फोनवर शरीरातल्या सगळ्या संस्था एका दमात म्हणून दाखवल्यास, तेव्हा मजा वाटली. पण शेवटी तू विचारलंस, "बाबा, मूत्रपिंड रक्तच गाळतं ना, मग ते रक्ताभिसरण संस्थेत का नाही?" मी "अभ्यास कर" म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय.

तुला माझे पाय माहीत आहेत. संध्याकाळी मोजे काढले की पोटरीभोवती खोल वळ उमटलेला असतो, आणि गुडघ्याच्या आतून एक निळी, गाठीगाठींची शीर नागमोडी खाली उतरते. वीस वर्षं मशीनपुढे उभं राहिल्याची कमाई. गेल्या महिन्यात एकदाचं डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, व्हेरिकोज व्हेन्स, शिरांमधल्या झडपा गळतायत. मी म्हटलं, औषध द्या. तर म्हणाले, आधी चालायला लागा, बसाल तेव्हा पाय वर घ्या. मला वाटलं, टाळतायत. नंतर समजून घेतलं तेव्हा कळलं की माणसाने मुद्द्याचंच सांगितलं होतं.

हृदय रक्त ढकलतं, ते धमन्यांतून पायाच्या बोटांपर्यंत जोरात पोचतं. पण केसापेक्षाही बारीक अशा केशवाहिन्यांतून पार होईपर्यंत तो जोर जवळजवळ संपलेला असतो. आणि आता चढायचंय चार फूट, सरळ वर. ते काम करते पोटरी. पाऊल टाकलं की पोटरीचा स्नायू आवळतो, आतल्या खोल शिरा पिळल्या जातात, रक्त वर सरकतं. स्नायू सैल पडला की ते खाली घसरू पाहतं, पण तोवर झडप मिटलेली असते. म्हणून पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. परेडमध्ये ताठ उभा राहिलेला सैनिक कधीकधी भोवळ येऊन कोसळतो, त्याचं एक कारण हेच. पोटरी हलत नाही, रक्त पायात साचतं, मेंदूला कमी पडतं. आडवा झाला की डोकं आणि हृदय एका पातळीवर येतात आणि लगेच तो डोळे उघडतो. म्हणजे पडणं हाच त्यावरचा उपाय!

आता तूच सांग, पोटरी कुठल्या रकान्यात घालायची?

झडप तुला स्वतःच्या हातावर बघता येईल. हात खाली सोडून मिनिटभर थांब, मनगट ते कोपर या भागात एखादी शीर फुगेल. तिच्यावर मनगटाच्या बाजूला एक बोट घट्ट दाबून ठेव. ते न उचलता दुसऱ्या बोटाने शीर कोपराकडे निपटत ने. वाटेत बारीकशी गाठ लागेल, ती झडप. तिच्या पुढे गेलीस की दुसरं बोट उचल. शीर गाठीपर्यंतच भरेल, खालचा तुकडा सपाटच राहील. आता पहिलं बोट उचल, खालून झर्रकन भरेल. एकदा जमलं नाही तर दुसरी शीर धर. मला तिसऱ्यांदा जमलं.

हाच प्रयोग विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने 1628 साली आपल्या पुस्तकात चित्रं काढून दाखवला. तोवर शेकडो वर्षं शिकवत असत की रक्त यकृतात अन्नापासून बनतं आणि अवयवांत जिरून जातं. गंमत म्हणजे हार्वेच्या गुरूंनीच, फॅब्रिशियस यांनी, या झडपांचं सविस्तर वर्णन केलं होतं. पण त्यांना वाटलं, रक्त फार वेगाने खाली धावू नये म्हणून त्या आहेत. हार्वेने साधा हिशोब मांडला. आजच्या आकड्यांनी करून बघ: एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर, मिनिटाला 70 ठोके, म्हणजे तासाला सुमारे 294 लिटर. अंगात रक्त असतं जेमतेम 5 लिटर. एवढं रक्त तासातासाला नवं बनवायला कुठलं अन्न पुरणार? तेच रक्त फिरत असलं पाहिजे. फक्त धमनीतून शिरेत ते जातं कसं, हे त्याला कधी दिसलं नाही. तो 1657 मध्ये गेला आणि 1661 मध्ये माल्पिघी या इटालियन डॉक्टरने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या पाहिल्या. चारच वर्षं. मला त्या माणसासाठी अजून चुटपुट लागते.

श्वासाचंही पोटरीसारखंच, तोही एका रकान्यात मावत नाही. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, खाली सरकतं, छातीत जागा होते, हवा आत येते, इतकं तुला पाठ आहे. पण त्याच वेळी पोटावर दाब येतो, छातीतला कमी होतो, आणि पोटातल्या शिरांमधलं रक्तही वर हृदयाकडे ओढलं जातं. श्वास घेताना आपण रक्तही वर खेचतो. आणि श्वास रोखून धरलास की जीव कासावीस होतो तो मुख्यतः प्राणवायू संपला म्हणून नाही. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि मेंदूच्या देठाशी असलेलं केंद्र ओरडायला लागतं.

पचनाबद्दल तुला सगळं येतं, ते सोडतो. प्रजनन संस्थेचा धडा वर्गात "घरी वाचा" म्हणून सोडून दिला, हे मात्र मला आवडलं नाही. त्यावर आई वेगळं पत्र लिहिणार आहे. मनातले प्रश्न तिला बिनधास्त विचार.

आता तुझं मूत्रपिंड. हृदयातून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन मुठीएवढ्या अवयवांकडे जातो. दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो, आणि बाहेर पडतो दीड-दोन लिटर. बाकीचा सगळा परत घेतला जातो. म्हणजे टाकण्यापेक्षा राखून ठेवण्याचंच काम मोठं, आणि आपण त्याला नाव दिलंय उत्सर्जन! शिवाय रक्तात प्राणवायू कमी आहे असं जाणवलं की मूत्रपिंड एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन, सोडतं. ते हाडांच्या मगजात पोचतं आणि तिथे तांबड्या पेशींचं उत्पादन वाढतं. तशा त्या एरवीही सेकंदाला वीसेक लाख बनत असतात, कारण एकेकीचं आयुष्य 120 दिवसांचं. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाला हे संप्रेरक कमी पडतं, म्हणून रक्तक्षय होतो. उत्सर्जन, अंतःस्रावी ग्रंथी, अस्थी, रक्ताभिसरण, चारही रकाने एका वाक्यात आले की नाही? तुझा प्रश्न बरोबर होता. रकाने आपण शिकण्याच्या सोयीसाठी पाडलेत. पेपरात मात्र उत्सर्जन संस्था असंच लिही, उगाच मार्क घालवू नकोस.

एक काम कर. बसल्या बसल्या मिनिटभर नाडी मोज. मग तीन मजले न थांबता चढ आणि वर पोचल्या पोचल्या परत मोज. पहिल्या पायरीवरच ठोके वाढायला लागलेले असतील, कारण स्नायूंची मागणी येण्याआधीच मेंदू हृदयाला सूचना देऊन मोकळा होतो. नंतर नाडी मूळ आकड्यावर यायला किती वेळ लागला, तोही लिहून ठेव. मी काल केलं. बसून 76, वर पोचल्यावर 124, आणि परत 76 वर यायला सहा मिनिटं. आई म्हणते मोजताना मी मधेच बोललो, म्हणून तो आकडा धरायचा नाही. रविवारी फोन करशील तेव्हा तुझे आकडे सांग.

तुझा,
बाबा