डेड स्टॉकात कॉम्प्युटर चढले, पासवर्ड कुठे चढला?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात अधूनमधून बातमी येते, अमुक शाळेतले कॉम्प्युटर धूळ खात पडले म्हणून, सोबत फोटोत चादरीखाली झाकलेले मॉनिटर. खोटं नाही ते. पण वरची धूळ फडक्यानं पुसली जाते साहेब, आतमध्ये जो कचरा भरलेला असते त्याबद्दल कोणी लिहिताना दिसत नाही, म्हणून मीच लिहून राहिलो. मी घाटंजी तालुक्यात एका शाळेत गणित शिकवतो आणि 'सरले कॉम्प्युटरचं समजते' या एका गुन्ह्यापायी बारा वर्षांपासून लॅबही सांभाळतो. खालच्या मजल्यावर संस्थेच्या पैशानं घेतलेले २४ कॉम्प्युटर आहेत, वरच्या मजल्यावर योजनेतून आलेले १०. दोन लॅब, दोन तऱ्हा, आणि माझं सगळं रडगाणं त्या दोघींच्या मधातलं आहे.

आधी कचरा म्हणजे काय ते सांगतो, कारण पुष्कळांना वाटते की मास्तर व्हायरसबद्दल बोलून राहिले. व्हायरस नाही. नवीन कॉम्प्युटर खोक्यातून काढला तरी त्यात ३० दिवसांचा ट्रायल अँटिव्हायरस असते, दोन-तीन गेम असतात, कंपनीचं स्वतःचं 'असिस्टंट' नावाचं काहीतरी असते जे दर आठवड्याला स्वतःच अपडेट होते, फोटोचं एक, गाण्याचं एक, शॉपिंगचं एक. मग पोट्टे पेनड्राइव्ह आणतात, कोणी पीडीएफ उघडायचं फुकट सॉफ्टवेअर उतरवते आणि 'नेक्स्ट नेक्स्ट' दाबता दाबता त्याच्यासोबत ब्राउजरला एक पट्टी चिकटते, होमपेज बदलते, कूपनच्या जाहिराती सुरू होतात. ४ जीबी रॅमचा कॉम्प्युटर, आत साधी हार्डडिस्क. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं, बटण दाबल्यापासून वर्ड उघडेपर्यंत ६ मिनिटं ४० सेकंद. ३५ मिनिटांच्या तासिकेत. त्यातही वर्ड उघडला की उजव्या कोपऱ्यातून त्या ट्रायल अँटिव्हायरसचा लाल डबा वर येते, 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे', आणि सहावीची एक पोरगी खरंच घाबरून हात मागे घेते.

आता तुम्ही म्हणाल, काढून टाका ना. तेच तर. एका कॉम्प्युटरवरून हे सगळं हातानं काढायला मला २५ मिनिटं लागतात, २४ कॉम्प्युटरचे झाले १० तास, आणि मधात लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

दोन वर्षांआधी पोळ्याच्या सुट्टीत मी ठरवलं की वरच्या मजल्यावरचे दहा तरी साफ करायचेच. गावात लोकं बैल धुवून राहिले होते, खांद्याला हळद-तूप लावून राहिले होते आणि मी एकटा वरच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर धुवून राहिलो होतो. सकाळी नऊपासून बसलो, दुपारी बायकोनं पुरणपोळीचा डबा पाठवला तोही तिथंच खाल्ला, संध्याकाळी पाचपर्यंत दहाच्या दहा साफ. एवढे हलके चालून राहिले की मलाच माझं कौतुक वाटलं. बटणं बंद केली, खाली उतरून बैलाला नैवेद्य द्यायला गेलो. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, सकाळी पोरं गल्लीतून 'इडा पिडा घेऊन जाय गे मारबत' ओरडत जाऊन राहिले होते, आणि मी सहज म्हणून लॅब उघडून एक कॉम्प्युटर चालू केला, तर लाल डबा हजर. दुसरा चालू केला, हजर. दहाच्या दहा. गावाची इडापिडा मारबत घेऊन गेली, माझी मात्र रातोरात परत येऊन बसली होती.

पुरवठादाराच्या इंजिनिअरला फोन केला, तर तो हसला. म्हणे, "सर, तुम्ही कायले मेहनत केली? त्याच्यात फ्रीज लावलेला आहे." फ्रीज म्हणजे असं सॉफ्टवेअर की दिवसभर काहीही करा, रीस्टार्ट केलं की कॉम्प्युटर जसा लावून दिला होता तसाच्या तसा उभा राहते. चीज चांगली आहे, पोट्ट्यांनी काही बिघडवलं तर आपोआप सुधरते, सायबर कॅफेवाले हेच वापरत. पण ज्यानं लावलं त्यानं आधी कचरा काढून मग गोठवायला पाहिजे होतं ना! त्यानं कचऱ्यासकट गोठवलं. म्हणजे आता तो ट्रायल अँटिव्हायरस अजरामर झाला, रोज सकाळी नव्यानं जन्म घेते आणि रोज नव्यानं संपते. मी म्हटलं पासवर्ड द्या, मी उघडतो, साफ करतो, परत गोठवतो. तर "पासवर्ड कंपनीच्या पॉलिसीत बसत नाही, तक्रार टाका, माणूस येईल." तक्रार टाकली. माणूस आला तेव्हा सोयाबीन निघून तूर उभी झाली होती, आणि त्यानं फक्त एक माऊस बदलून दिला.

आता खालची लॅब ऐका. माझा एक माजी विद्यार्थी नागपूरला मिहानमध्ये नोकरीला आहे, त्याच वर्षी दिवाळीत घरी आला तर मी त्याला धरूनच आणला. त्यानं कॉम्प्युटरच्या खुर्चीत बसून पहिले विचारलं, "सर, चोविसचे चोविस नेटवर्कला आहेत ना? मग तुम्ही उठता कायले?" मला पटलं नाही आधी. पण त्यानं करून दाखवलं. विंडोजमध्ये पॉवरशेल म्हणून निळी खिडकी असते, तिच्यातून दुसऱ्या कॉम्प्युटरला हुकूम देता येते, फक्त प्रत्येक कॉम्प्युटरवर एकदा जाऊन तो दरवाजा उघडा लागते. आमचा दरवाजा आधी उघडेच ना, कारण राउटर बदलल्यापासून नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलं गेलं होतं, ते 'प्रायव्हेट' केलं तेव्हा जमलं. मग नोटपॅडमध्ये २४ नावं एकाखाली एक, आणि एक कमांड. ती एका वेळी ३२ कॉम्प्युटरला एकदम जाते म्हणे, आपले तर २४च, म्हणजे सगळ्यांना सोबतच.

प्रत्येक कॉम्प्युटरनं आपला निकाल आकड्यात पाठवला, स्क्रीनवर एकाखाली एक ओळी पडत गेल्या जशा मोंढ्यात बोलीच्या. शून्य म्हणजे काम फत्ते. ३०१० म्हणजे झालं, पण एकदा रीस्टार्ट करा. १६१८ म्हणजे थांबा, माझ्याकडे दुसरं काही इन्स्टॉल होऊन राहिलं. आमचे १७ शून्य आले, चार ३०१०, एक १६१८ आणि दोघांनी उत्तरच दिलं नाही. त्यातल्या एकाची वायर उंदरानं कुरतडलेली निघाली, दुसऱ्याचं बटणच बंद होतं. पोळ्याला मी दिवसभर बसलो होतो, इथं एक चहा पूर्ण झाला नाही तेवढ्यात पीडीएफवाली पट्टी २१ ठिकाणांहून गेली. गेम काढताना त्यानं अजून एक गोष्ट सांगितली जी मला बारा वर्षांत कोणी सांगितली नव्हती. विंडोजच्या स्टोअरवाले अॅप तुम्ही 'अनइन्स्टॉल' केले की ते फक्त तुमच्या अकाउंटमधून जातात, विंडोज आपल्या कोठारात एक प्रत ठेवूनच असते आणि नवीन अकाउंट बनवलं की त्याच्यात पुन्हा वाढते. आम्ही दरवर्षी अकरावीसाठी नवीन अकाउंट बनवतो, म्हणून दरवर्षी गेम परत. कोठारातून काढायची कमांड वेगळी. अँटिव्हायरस मात्र असा सहजासहजी निघत नाही, त्याला त्याच कंपनीचं काढायचं टूल लागते, ते प्रत्येकावर चालवलं. तो निघाला की विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आपोआप जागा होते, फुकटात.

आता माझीही चूक सांगतो, नाहीतर वाटेल मास्तर स्वतःची टिमकी वाजवून राहिले. पोरगा नागपूरला परत गेल्यावर मला चेव आला. एका व्हिडिओतून कमांड पाहून मी स्टोअरचे 'सगळेच' अॅप चोविसही कॉम्प्युटरवरून उडवले. दुसऱ्या दिवशी बारावीचं पोट्टं म्हणते, "सर, कॅल्क्युलेटर कुठं गेलं?" कॅल्क्युलेटर गेला होता, फोटो पाहायचं गेलं होतं, आणि ज्या स्टोअरमधून हे परत आणायचं ते स्टोअरही गेलं होतं. त्याच झटक्यात मी अजून एक केलं, यादीत 'व्हिज्युअल सी प्लस प्लस' नावाचे पाच-सहा दिसले, २००८, २०१०, २०१२ असे, मला वाटलं एकच चीज पाचदा भरली, जुने काढून टाकले. तर टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडेना, त्याला नेमकं २०१० वालंच लागत होतं. आमच्याकडे पोरंपोरी लिपिकाची जागा निघेल या आशेवर टायपिंगची परीक्षा देतात, त्यांचे चार दिवस माझ्यामुळे बुडाले. हातानं काढलं असतं तर पहिल्याच कॉम्प्युटरवर समजलं असतं, इथं एका कमांडनं चोविसच्या चोविस बसले. तेव्हापासून मी कोपऱ्यातला एकच कॉम्प्युटर आधी साफ करतो, आठ दिवस पोरांना त्याच्यावर बसवतो, कोणी बोंबललं नाही तर मग बाकीच्यांवर.

कोणी म्हणेल एवढा आटापिटा कशाला, चालते तसं चालू द्या. तर साहेब, फक्त स्लो होण्याचा प्रश्न नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं खंडणी मागणारं सॉफ्टवेअर आलं होतं, जगभर कॉम्प्युटर कुलूपबंद केले, ते घुसलं ते एसएमबीच्या पहिल्या व्हर्जनमधून, म्हणजे फाइल शेअरिंगचा एक जुनापुराणा भाग जो बहुतेकांना लागतही नव्हता, नुसता चालू पडलेला होता. ब्राउजरमध्ये व्हिडिओ, गेम चालवायचा फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० ला कंपनीनं स्वतः बंद केला, आमच्या खालच्या लॅबमध्ये त्या दिवाळीत तो नऊ कॉम्प्युटरवर तसाच बसलेला सापडला. आणि आता तर १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही संपला. आमचे ३४ पैकी एकही कॉम्प्युटर विंडोज ११ ला पात्र नाही, आणि नवीन येणार कधी ते देवाला माहीत, म्हणजे अजून काही वर्षं ह्याच्यावरच काढायची आहेत. जितकं कमी सामान आत राहील तितक्या कमी खिडक्या उघड्या. (युरोपात कायदा झाला म्हणून २०२४ पासून तिथल्या लोकांना विंडोजमधून एज ब्राउजरसुद्धा सरळ अनइन्स्टॉल करता येते. आपल्याकडे बटण आहे पण ते दबत नाही. जाऊ द्या, तो मोठ्या लोकांचा विषय.)

माझं म्हणणं मोठं नाही. शाळांसाठी शेकड्यानं कॉम्प्युटर घेताना टेंडरमध्ये रॅम किती, हार्डडिस्क किती, वॉरंटी किती सगळं लिहितात, तिथंच एक ओळ टाका की ट्रायल, गेम, जाहिरातीचं सामान काढलेलं पाहिजे, आणि फ्रीज लावायचा तर त्याच्यानंतरच. पुरवठादाराला ते अवघड नाही, त्याला एकच मास्टर कॉपी साफ करायची आहे, पुढचे सगळे तिच्यावरूनच तर बनतात. विंडोज होम न देता प्रो द्या, होम डोमेनला (म्हणजे सगळे कॉम्प्युटर एका जागेवरून सांभाळायच्या जाळ्याला) जोडता येत नाही आणि ग्रुप पॉलिसीही (सगळ्यांना एकच नियम लावायची सोय) त्याच्यात नाही, दहा कॉम्प्युटरची लॅब त्याच्यावर चालवायची म्हणजे बिनलगामाचा बैल. आणि पासवर्ड, फ्रीजचा आणि अॅडमिनचा दोन्ही, ताबा देताना बंद पाकिटात मुख्याध्यापकाच्या हातात द्या, सही घ्या. जमलं तर पंचायत समितीत वर्षातून एक दिवस लॅबवाल्या मास्तरांना बोलावून ती निळी खिडकी दाखवा, तिथं जेवण नाही दिलं तरी चालते, आम्ही डबा आणू.

आमच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, वरच्या लॅबचं एक पान आहे. मॉनिटर १०, कीबोर्ड १०, माऊस १०, स्टॅबिलायझर १, खुर्च्या २०, अगदी झाकायच्या चादरीही १० चढलेल्या आहेत, प्रत्येकीला नंबर आहे. तपासणीला साहेब आले तेव्हा त्यांनी चादरी मोजल्या, बरोबर भरल्या. मी त्यांना म्हटलं, साहेब एक चीज आम्हाला मिळालीच नाही, तिची नोंद कुठं करू? ते म्हणे, काय? मी म्हटलं, पासवर्ड. त्यांनी 'शेरा' च्या रकान्यात 'पाठपुरावा करावा' लिहिलं, सही केली आणि पुढच्या शाळेवर गेले.

तो शेरा लिहून आता चौदा महिने झाले. लाल डबा रोज साडेदहाला, प्रार्थना संपली की.

आपला,
एक लॅबवाला मास्तर
ता. घाटंजी, जि. यवतमाळ