पायाचे माप चपलेसाठी दिले आहे, जाहिरातीसाठी नव्हे

मा. संपादक,
स. न.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ग्राहकाच्या संमतीची मुख्य कलमे मे २०२७ पासून लागू होतील. आपल्याकडचे ऑनलाइन विक्रेते मात्र २५० कोटींच्या दंडाच्या आकड्यानेच गांगरले आहेत. तो आकडा माहिती नीट न सांभाळल्याबद्दलची कमाल मर्यादा आहे. त्याच्या धाकाने इंग्रजीतली दहा पानी प्रायव्हसी पॉलिसी विकत घेऊन वेबसाइटच्या तळाशी चिकटवली, तरी रोजच्या कामात काडीचा फरक पडत नाही.

कोल्हापुरी चपलेची ऑर्डर घ्या. गिऱ्हाईक कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने कड काढते, फोटो व्हॉट्सॲपवर धाडते, खाली नाव, पत्ता, पिनकोड. ही माहिती त्याने आपणहून चपलेसाठी दिली. तेवढ्या कामापुरती ती वापरायला कलम ७ नुसार वेगळी संमती लागत नाही. त्याच नंबरवर दिवाळीची सवलत पाठवायची तर मात्र वेगळा होकार हवा. म्हणून फॉर्मवर स्वतंत्र चौकट ठेवावी : ‘नव्या डिझाइनचे आणि सवलतींचे मेसेज मला पाठवा.’ चौकट रिकामी असावी. खरेदीसाठी आधीच टिक केलेली संमती २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतही चालत नाही. शीटमध्ये चार रकाने पुरतात : नंबर, होकाराची तारीख, होकार कुठे दिला, बंद केल्याची तारीख. प्रदर्शनातल्या वहीतले नंबर वहीत आहेत तोवर या कायद्याबाहेर. एक्सेलमध्ये चढवले की आत.

घोळ होतो तो चौथ्या रकान्यात. ‘मेसेज नको’ म्हणणाऱ्याचे नाव दुकानातल्या फोनवरून निघते, पण पुतण्याच्या लॅपटॉपवर जुनी यादी तशीच असते आणि गणपतीत पुन्हा मेसेज जातो. यादी एकच ठेवावी आणि पाठवण्याआधी दर वेळी तीच उघडावी. होकार देणे जितके सोपे, तितकेच तो मागे घेणेही सोपे हवे, असे कायदा म्हणतो. नाव जाहिरातीच्या यादीतून काढले म्हणून बिल फाडायचे नसते. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावेच लागतात.

व्हॉट्सॲप बिझनेसच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून काही जण हजारो मेसेज एकदम सोडणारे सॉफ्टवेअर घेतात. लोक ब्लॉक करतात, तक्रार करतात आणि नंबर बंद पडतो. ऑर्डरीही त्याच नंबरवर असल्या तर धंदाच थांबतो. एसएमएसला डीएलटी (मोबाइल कंपन्यांकडची व्यावसायिक मेसेजची) नोंदणी, मंजूर हेडर (पाठवणाऱ्याचे नाव) आणि मंजूर मजकूर लागतो.

सर्वांत नाजूक यादी दागिन्यांची. कोल्हापुरी साज कोणी घेतला, किती तोळ्यांचा, कुठल्या पत्त्यावर गेला, ही शीट ‘लिंक असणाऱ्या कोणालाही’ उघडी ठेवणे म्हणजे चोराला घर दाखवणेच. कुरिअरला पार्सल पोचवण्यापुरतीच माहिती द्यावी, बाकीचे रकाने देऊ नयेत. गूगल आणि व्हॉट्सॲप दोन्हींवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करावे. फुकट आहे, पाच मिनिटांचे काम आहे. नवे नियम लागू झाल्यावर यादी फुटली तर ग्राहकांना आणि या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवावे लागेल, मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत.

जुन्या ग्राहकांनी आधी होकार दिला असेल तर तो बाद होत नाही, मात्र त्यांनाही माहितीच्या वापराची सूचना पाठवावी लागेल. ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय ग्राहकाला द्यावी लागते. जिल्हा उद्योग केंद्राने आणि व्यापारी संघटनांनी अशा सूचनेचा एका पानाचा मराठी नमुना आताच तयार करून द्यावा. त्यात एवढे हवे : कोणती माहिती घेतो, कशासाठी घेतो, होकार कसा मागे घ्यायचा आणि मंडळाकडे तक्रार कशी करायची. दुकानाचे नाव आणि नंबर घालायला जागा मोकळी सोडावी.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर