पियानोची थिअरी पाठ करून येत नाही

मा. संपादक,
स. न.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे, जूनपासून पियानोच्या क्लासला जाते. बाई मनापासून शिकवतात, त्याबद्दल तक्रार नाही, पण तिसऱ्याच आठवड्यात वहीत थिअरी सुरू झाली, सेमीटोन, शार्प, फ्लॅट, ऑक्टेव्ह, क्रॉचेट, आणि समोर इंग्लिशमधे व्याख्या, त्या पाठ करायच्या. सेमीटोन म्हणजे काय विचारलं की घडाघडा म्हणून दाखवते आणि बरं आता वाजवून दाखव म्हटलं की गप्प, डोळ्यांत पाणी.

शेवटी माझ्या आईने तिची जुनी पेटी काढली. पट्ट्यांची मांडणी तीच ना पियानोसारखी. नातीचं बोट धरून पांढरी एक दाबली, मग लगेच काळी एक, म्हणाली हा सा, हा कोमल रे, ह्यांच्या मधे अजून एखादी पट्टी आहे का? नाही. मग हेच तुझं सेमीटोन. पुढे ग आणि म, दोन्ही पांढऱ्या, मधे काळी नाहीच, म्हणजे तेही सेमीटोन. नी आणि वरच्या सा मधेही तसंच आहे हे पोरीने स्वतःच शोधून काढलं, आणि सा पासून वरच्या सा पर्यंत अशा बारा पायऱ्या मोजल्या. वहीतली व्याख्या नंतर वाचली तेव्हा कळली!

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या घरात आरती, भजन, पेटी, तबला कानावर पडतो तिथल्या मुलांना हे शब्द अगदीच परके नाहीत. मेजर स्केल म्हणजे बिलावल थाटाचे, म्हणजे सगळे शुद्ध सूर, पियानोवर सी (पेटीतली पांढरी एक) पासून पांढऱ्या पट्ट्या ओळीने वाजवल्या की झालं. नोटेशनच्या सुरुवातीला लिहिलेलं फोर-फोर म्हणजे एका बारमधे, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या भागात, चार मात्रा आणि वरचा आकडा मात्रा किती ते सांगतो, खालचा आकडा कुठल्या नोटला एक मात्रा धरायची ते.

पण फरकही तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हवा, नाहीतर पुढे गोंधळ होतो. आपला सा गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे हलतो, कोणी काळी एक घेतं, कोणी काळी चार, पियानोचा सी मात्र जागचा हलत नाही. तीच काळी पट्टी कधी सी शार्प (सी पेक्षा एक सेमीटोन वर) तर कधी डी फ्लॅट (डी पेक्षा एक सेमीटोन खाली), कारण नाव गाण्याच्या स्केलवरून ठरतं, आपल्याकडे सा पांढरी एक धरला की ती कोमल रेच. बारची पहिली मात्रा समेसारखी, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेसारखी, वजनदार असते खरी पण बार सहसा तीन-चार मात्रांत संपतो आणि तीनतालाचं एक आवर्तन सोळा मात्रांचं. आणि मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पियानोवर येतच नाही, लेगाटो म्हणजे मींड असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे, लेगाटोत सूर फक्त न तुटता जोडून वाजवायचे असतात.

क्लास घेणाऱ्यांना विनंती आहे की आधी सूर कानावर पडू द्या, बोटाखाली येऊ द्या, मग शब्द सांगा. परीक्षेला इंग्लिश शब्द लागतातच, ते यायलाच हवेत.

आणि आपल्या पेपरमधे मुलांसाठी जागा असते, तिथे आठवड्याला असा एक शब्द मराठीत समजावून दिला तर फार बरं होईल. सुरुवात सेमीटोननेच करा.

एक पालक, पुणे