‘सर्व्हिसशी संबंध नाही’ म्हणे!

संपादक साहेब, नमस्कार.

माझे वडील 17 वर्षं फौजेत होते, भरतीच्या मेडिकलला एकदम फिट आणि रिटायर होताना बीपी, डिसॅबिलिटी 30 टक्के, पण फौजेच्या डॉक्टरांच्या मेडिकल बोर्डाच्या कागदावर एकच ओळ, सर्व्हिसमुळे झालं नाही आणि वाढलंही नाही. का नाही, ते लिहिलंच नाही! अहो, 2013 च्या धरमवीर सिंग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय ना की भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच झाला असं धरायचं, नाही म्हणायचं तर कारण बोर्डाने द्यायचं, जवानाने पुरावे शोधत फिरायचं नाही. तरी डिसॅबिलिटी पेन्शनचा क्लेम रिजेक्ट, दोन अपिलं झाली, आता ट्रिब्युनल, म्हणजे फौजेच्या केसेसचं कोर्ट. आई ती फाईल गव्हाच्या कोठीत ठेवते, उंदीर लागू नये म्हणून.

– एका माजी सैनिकाची मुलगी, सातारा