गल्ल्यातल्या पैशाबद्दल

प्रिय मित्रा,

काल तुझा फोन झाल्यावर मला झोपच लागली नाही. रोज गल्ल्यात पाच-सहाशे कमी भरतात, संशय त्या काउंटरवरच्या पोरावर, आणि तू म्हणतोस उद्या सगळ्यांसमोर त्याला खिसे झाडायला लावतो. भावा, तेवढं करू नको.

आमच्या मेडिकलमधले काका आठवतात ना, बाबांच्या वेळेपासूनचे? 2019 ला स्टॉक मोजला तर 18 हजाराचा माल कमी, मी गिऱ्हाईक उभं असताना त्यांना विचारलं, काका माल जातो कुठं. ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून शर्टाला पुसला, शटरच्या चाव्या काउंटरवर ठेवल्या आणि चप्पल घालून गेले. पंधरा दिवसांनी कळलं की एक्सपायरी झालेल्या औषधांचे दोन खोके स्टॉकिस्टचा, म्हणजे घाऊक माल देणाऱ्याचा, माणूस घेऊन गेला होता आणि रिटर्नची एन्ट्री राहिलेली, ती मारायचं काम माझं होतं. घरी जाऊन पाया पडलो, काकूंनी चहा दिला, पण काका काही परत आले नाहीत रे.

म्हणून आधी गप राहून मोज. सकाळी गल्ला तू मोजून दे, दुपारी जेवायला निघताना परत मोज, आलास की परत, आणि वहीत लिही. सॉफ्टवेअरमधून कॅन्सल नि एडिट केलेल्या बिलांचा रिपोर्ट वेळेसकट काढ, कारण रोख घ्यायची आणि मागून बिल कॅन्सल मारायचं हा नेहमीचा प्रकार आहे. पण तुझ्याकडं सगळे एकाच पासवर्डवर बसतात, मग कुणी मारलं कसं सांगणार? आजच प्रत्येकाला वेगळं लॉगिन दे. क्यूआर स्वतः स्कॅन करून नाव कुणाचं येतंय बघ, वर दुसरं स्टिकर चिकटवलेलं असू शकतं. सीसीटीव्हीचं फुटेज लगेच पेनड्राइव्हवर घे, रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर जुनं पुसत जातो.

आणि खरंच तो सापडला तरी दुकान बंद झाल्यावर शांतपणे विचार, त्याचं म्हणणं त्याच्याच हातानं लिहू दे. कोंडून ठेवू नको, हात उगारू नको, तो उलटा आपल्यावरच गुन्हा होतो. कोऱ्या कागदावर सही नको. नोकरानं मालकाकडं केलेल्या चोरीला भारतीय न्याय संहितेत कलम 306 आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा, बावीस वर्षाचं पोरगं आहे ते, नुसत्या संशयावर चौकीत नेऊ नको.

रविवारी मी सकाळच्या एसटीनं येतो, दोघं बसून महिन्याची बिलं काढू. तोवर त्याला एक शब्द बोलू नको.

तुझाच