मनोरुग्णाचा प्रतिनिधी रुग्णानेच निवडावा

महोदय,

घरात कुणाला मानसिक आजार झाला की त्याच्या वतीने सही नवऱ्याची, नाहीतर थोरल्या भावाची, असे आपल्याकडे गृहीतच धरले जाते. मात्र मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने (२०१७) ही निवड आधी रुग्णाच्या हाती दिली आहे. कलम १४ नुसार कोणत्याही सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो. साध्या कागदावर सही किंवा अंगठा आणि त्या माणसाची लेखी संमती, एवढे पुरते. मग ती बहीण असो वा मैत्रीण. कुणाचेच नाव लिहून ठेवले नसेल तरच नातेवाइकांचा क्रम लागतो. सासरी जाच सोसणाऱ्या बाईसाठी हा फरक केवढा मोठा आहे! कारण रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर त्याला रुग्णालयात दाखल करण्याचा अर्ज (कलम ८९) याच प्रतिनिधीकडून येतो; डॉक्टरांची तपासणी अर्थातच लागते.

आपल्या सीमाभागासाठी कलम २२ तर अधिकच मोलाचे. कोणत्या तरतुदीखाली दाखल केले, उपचार कोणते, त्यांचे दुष्परिणाम काय, ही माहिती रुग्णाला व प्रतिनिधीला समजेल अशा भाषेत मिळणे हा हक्क आहे. खानापूर, निपाणीकडून उपचारांसाठी धारवाडला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी तो जरूर मागावा. बेळगाव जिल्ह्याच्या आरोग्य विभागाने प्रतिनिधी नेमण्याचा नमुना कन्नडबरोबर मराठीतही तालुका रुग्णालयांत ठेवावा आणि आशा कार्यकर्त्यांमार्फत, आजार बळावण्याआधीच, घरोघर पोहोचवावा.

– एक वाचक, खानापूर