मिस्त्रीकाका, इंजिन बसलं! मनापासून आभार

आदरणीय मिस्त्रीकाकांस,
सादर नमस्कार.

माझ्या जुन्या बोटीच्या मागच्या फळीवर नवं इंजिन बसलं आणि नेहमीच्या वजनासह पूर्ण वेगात चालवूनही पाहिलं. फोनवर आभार मानले होतेच, पण तुम्ही जे दाखवलंत ते जुनी बोट बाळगणाऱ्या आणखी चार जणांच्या उपयोगी पडावं, म्हणून हे उघड पत्र.

मी आलो होतो एकच प्रश्न घेऊन: 40 हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक काढून त्या जागी कोणतं फोर-स्ट्रोक घ्यावं? तुम्ही कुठल्या कंपनीचं नावच काढलं नाहीत. हातोडी घेतलीत आणि बोटीची मागची फळी, जिच्यावर इंजिनाचा सगळा भार येतो ती, इंचाइंचावर ठोकत गेलात. सगळीकडे टणक आवाज येत होता, उजवीकडच्या खालच्या बोल्टाजवळ मात्र तो बद्द झाला. तिथे बारीक ड्रिल मारलंत आणि निघालेला भुसा माझ्या तळहातावर ठेवलात. काळपट, ओला. बाहेरून फायबरला साधी चीरही नव्हती, पण बोल्टाच्या भोकातून पाणी आतल्या प्लायवूडमध्ये मुरलं होतं. तेवढा भाग कोरून, नीट वाळवून, इपॉक्सीने भरून घेतला आणि भोक नव्याने पाडलं. नव्या इंजिनाचा जोर त्या कुजक्या जागेवर आला असता तर काय झालं असतं, ते आठवलं की आजही तुम्हाला हात जोडावेसे वाटतात.

मग वजन. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा सहज 20-25 किलो जड भरतं, हे तुम्ही नुसतं सांगून थांबला नाहीत. बोट पाण्यात असतानाच जुन्या इंजिनाशेजारी पाण्याने भरलेला 20 लिटरचा कॅन ठेवायला लावलात, म्हणजे बरोबर 20 किलो. दोघांना मागच्या बाकावर बसवलंत आणि पाणी कुठवर येतं तिथे पेन्सिलीने खूण केलीत. पाणी निचऱ्याच्या भोकांच्या वर गेलं होतं. जुन्या बोटी हलक्या इंजिनांच्या हिशेबाने बांधलेल्या असतात, हे माहितीपत्रक वाचून माझ्या कधीच ध्यानात आलं नसतं. त्या एका खुणेने निर्णय झाला: 40 नको, 30 पुरे.

ताकद कमी पडेल ही माझी धास्तीही तुम्हीच घालवलीत. 1970 च्या दशकातल्या इंजिनांवरचा हॉर्सपॉवरचा आकडा क्रँकशाफ्टपाशी, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्यापाशी, मोजलेला असायचा. 1980 च्या दशकात कंपन्या तो पंख्याच्या, म्हणजे पाण्यातल्या प्रोपेलरच्या, शाफ्टपाशी मोजू लागल्या. गिअरमध्ये जाणारी ताकद आता आकड्यातून आधीच वजा झालेली असते. त्यामुळे जुन्या 40 आणि नव्या 30 मधला खरा फरक कागदावर दिसतो त्याहून कमी. माझ्यासारख्या रमतगमत जाणाऱ्याला तो जाणवतही नाही.

शाफ्टची लांबी, म्हणजे इंजिनाचा पाय पाण्यात किती खोल जाणार ते, तुम्ही जुन्या इंजिनावरून घेतली नाहीत. फळीच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत मधोमध टेप लावलात, 20 इंच भरले, म्हणून लाँग शाफ्ट. पंख्यावरची आडवी प्लेट तळाच्या रेषेत, फार तर इंचभर खाली. इंजिन वर राहिलं तर पंखा हवा ओढतो, फार खाली गेलं तर पाणी अडवत बसतं.

शेवटचं काम पंख्याचं. पूर्ण वेगात आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, कंपनीने दिलेल्या मर्यादेपर्यंत पोचत नव्हते, म्हणजे इंजिन दबून चाललं होतं. 'पिच इंचभर कमी कर, दोनेकशे आरपीएम वाढतील,' असं तुम्ही फोनवरच सांगितलंत. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात जितकं पुढे सरकायला हवा ते अंतर. पंखा बदलला आणि काटा जागेवर आला.

मागची फळी ठोकून बघायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्या कामाचे पैसेही तुम्ही घेतले नाहीत. माझी माणसं या बोटीत बसतात, काका. त्यांच्या वतीनेही आभार. सुरुवातीचे 20 तास भरले की तेल बदलायचं आहे. तेव्हा बोट घेऊन येतो, त्या भरलेल्या जागेवरून तुमचा हात एकदा फिरला की मी निर्धास्त.

आपला कृतज्ञ,
एक बोटवाला